साइमीला दिलेली ऊब

४ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची. तळं काचेसारखं गोठलंय, काठावर मासे धरणाऱ्यांच्या गाड्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला आता माझी व्हॅन. माझ्या नवऱ्याने, तौनोने ती दोन हिवाळे खपून आतून बांधली. पलंग, ओटा, पुस्तकं वळणावर पडू नयेत म्हणून फळीला काठ. हीटरचा खोका मात्र फोडायचा राहिला. त्याआधीच त्याचं हृदय थांबलं. तो खोका आणि मी, दोघंही इनारीच्या या तळ्यावर आलो.

पलीकडच्या गाडीत रेइयो आणि त्याची बायको साइमी. तिने खिडकीतून हात केला. संध्याकाळी इल्मारीने कॉफीला बोलावलं. इथल्या सगळ्या गाड्यांचे हीटर तोच बसवतो.

६ फेब्रुवारी
भोक कुठे पाडायचं त्याची खूण तौनो पेन्सिलने करून गेला होता. इल्मारी गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच म्हणाला, "मालकीणबाई, नवरा तुमचा गुणी होता, पण याच्या बरोब्बर खाली तुळई आहे." वीतभर बाजूला भोक पाडलं. मी ती खूण पुसली नाही.

हीटर पलंगाखाली बसला. डिझेल गाडीच्याच टाकीतून बारीक नळीने येतं. ज्वाळेला लागणारी हवा खालून आत, धूरही खालूनच बाहेर. धुराची नळी सांध्यातून निसटता कामा नये, हे इल्मारीने मला तीनदा ऐकवलं. माहितीपत्रक मी आधीच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, तरी ऐकून घेतलं. विषारी वायूचा गजर तो पुढच्या आठवड्यात गावातून आणणार आहे.

आधी पांढरा धूर, घाण वास, मग पंप टिकटिकायला लागला. अर्ध्या तासात मी स्वेटर काढला. थोडी रडले. बरं वाटलं.

खालून वारा शिरू नये म्हणून इथे गाडीभोवती बर्फाची भिंत रचतात. धुराच्या बाजूला तेवढी फट ठेवायची. नव्या माणसाची भिंत शेजारी रचून देतो आणि त्याला कॉफी द्यायची. माझी अजून कोणी रचलेली नाही.

८ फेब्रुवारी
साइमी आली. डावा डोळा मिटलेला. तुझ्याकडे ऊब आहे म्हणून आले, म्हणाली. मी काही विचारलं नाही, ती आपणच बोलली. गेल्या हिवाळ्यात रेइयोने तिचा जबडा मोडला होता. सगळ्या रांगेला माहीत आहे. इल्मारीला विचारलं तर तो स्टोव्हकडे बघत म्हणाला, इथे कोणी कोणाच्या दारात जात नाही, म्हणून तर शांतता आहे.

मी तिला ठेवून घेतलं.

९ फेब्रुवारी
रेइयो सकाळी आला. आवाज चढवला नाही. बायकोला पाठवा, म्हणाला. मी नाही म्हटलं. साइमीचा हात दाराच्या चौकटीवर होता. त्याने सरकतं दार जोरात ओढून आपटलं. मग उघडलं, बोटांकडे पाहिलं आणि पुन्हा आपटलं.

दोन बोटं मोडली. चमच्याला बांधून दिली. पोलिसांना फोन केला. वादळाने रस्ता बंद आहे, मोकळा झाला की येतो म्हणाले. तोवर दार लावा आणि उबेत बसा.

१० फेब्रुवारी
रेइयो दिवसभर आमच्या गाडीभोवती बर्फ रचत होता. जाणारे-येणारे थांबून त्याचं कौतुक करत होते. इल्मारीचा आवाज ओळखला: "वा रे रेइयो, शेजारधर्म आठवला वाटतं." साइमी म्हणाली, असाच आहे तो. मारलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी काम करून देतो. आता दोन दिवस शांत राहील.

एकदा गाडीखाली खरवडल्यासारखं वाजलं. पहिल्यांदाच वाऱ्याची शीळ थांबली.

मी खिडकी वीतभर उघडून त्याला कॉफी दिली. दिली मी. रीत आहे.

११ फेब्रुवारी, सकाळ
डोकं ठणकतंय. साइमीच्या गालांवर लाली आली आहे, बरी दिसते. उठत मात्र नाही.

थोड्या वेळाने
ओकले. पाय लटपटतात. माहितीपत्रक काढलं, अक्षरं हलतात — डोकेदुखी, मळमळ, गाल लाल — त्याने धुराची नळी सांध्यातून काढली आहे. चारी बाजू बुजवल्या, धुराची फटसुद्धा. धुराला एकच वाट राहिली, आमच्या पायांखालचं भोक.

हीटर बंद केला. खिडकी उघडली. साइमीला मारून मारून जागं केलं.

दुपार
बाहेर उणे चौतीस. दार उघडलं. तो बर्फ फोडायची पहार घेऊन उभाच होता. पहार बसली, माझा डावा हात कोपराखाली मोडला. हाड दिसतं. साइमीने दार ओढून घेतलं.

इल्मारी तळ्यावर निघाला होता. माझी किंकाळी त्याने ऐकली. थांबलेला दिसला. रेइयो म्हणाला, "दोघी प्यायल्यात. झोपू दे." इल्मारीने टोपी कानांवर ओढली. गेला.

इल्मारीला फोन लावला, तो त्याच्या गाडीतच वाजतोय. पोलीस म्हणतात, अजून दोन तास.

नंतर
बोटं वळत नाहीत. साइमी हीटरकडे बघते. नाही म्हटलं.

तिने बूट चढवले. मला पुढच्या सीटवर ढकललं. म्हणाली, "हेल्वी, तो माझ्यामागे येईल. तू किल्ली फिरव. थांबू नकोस."

नको म्हटलं. ती गेली —

पहारीचा आवाज. पुन्हा. पुन्हा —

इंजीन लागलं. मागे भिंत उंच, समोर बर्फ कमी आहे, चाकं निघतील. पण त्याने तिला केसांना धरून ओढत आणलं. चाकापुढे आडवं टाकलं. स्वतः तिच्या पलीकडे मांडी घालून बसला. पहार मांडीवर. माझ्याकडे बघतो. त्याला घाई नाही. गारठून मी कधी दार उघडते —

गाडी त्याच्यावर घालायची तर आधी तिच्यावरून —

साइमी जिवंत आहे. हात वर केला. चमचा बांधलेला हात. तो हलवून मला सांगते, पुढे ये म्हणते की थां