उजवीकडून लिहिलेली ओळ

बाबा, तुम्हाला लिहायचं म्हणजे अक्षर चांगलं काढावं लागणार, या धास्तीनंच इतकी वर्षं गेली. माझ्या अक्षराला तुम्ही कोंबडीचे पाय म्हणायचात. जन्मभर शाळेत फळ्यावर लिहून पोट भरलं, तरी ते सुधारलं नाही. आज लिहितेय, कारण आज कुणाशीच बोलणं झालं नाही, आणि कालही झालं नव्हतं.

निजामाच्या वेळी कचेरीत तुमच्या उर्दू अक्षराला मान होता. मला ते दिवस आठवत नाहीत. मला आठवतात ते नंतरचे, कचेरीत उर्दू जाऊन मराठी आल्यानंतरचे तुम्ही. आई गेलेली, आणि तुम्ही चुलीपुढं बसून माझ्याच पुस्तकातून ‘ळ’ गिरवताय. भाकरी करपायची आणि ‘ळ’ वाकडा तो वाकडाच राहायचा. मराठी आपल्या घरातलीच बोली, पण तुमच्या हाताला ती परकी होती. सुरुवातीला संध्याकाळी उर्दू शाळेतले मास्तर यायचे, तुम्ही कागदावर बायबलातलं एखादं वचन उर्दूत काढायचात, आणि ते मुसलमान असूनही मान डोलवत एकेका वळणाला दाद द्यायचे. ते हैदराबादला निघून गेले आणि तुमचं अक्षर बघणारं जळकोटात कुणी उरलं नाही. मी होते, पण मला त्यातलं काय कळत होतं?

मग त्या नाताळाआधी तुमच्या मनानं घेतलं, की आपल्या प्रार्थनेच्या खोलीत समोरच्या भिंतीवर मराठीत एक तक्ता लावायचा. मंडळीनं आपलं अक्षर बघावं, एवढीच तुमची इच्छा होती. सुतारानं फळी दिली. काजळी आणि डिंक खलून तुम्ही शाई केलीत, मोठ्या अक्षरांसाठी बांबूची कामटी तिरकी तासलीत. ओळ मेंढपाळाच्या स्तोत्रातली घेतलीत, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’. तिची सुरुवात ‘परमेश्वर’ या शब्दानं, शेवट ‘नाही’ या शब्दानं. मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही घामाघूम होऊन बसला होता. हाताला आयुष्यभर उर्दूची, उजवीकडून सुरुवात करायची सवय. फळी पुढ्यात आली तशी हातानं उजवी कड धरली आणि शेवटचा शब्द आधी लिहिला, मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. ‘नाही’ हातभर ऐसपैस बसला होता. डाव्या कडेला चार बोटं जागा राहिली होती आणि परमेश्वर अजून यायचाच होता. मी पोट धरून हसले, आणि मग तुम्हीही हसलात. ‘दाटीवाटीनं बसवतो त्याला, तो काय रागावणार न्हाय,’ म्हणालात, आणि बसवलातही. एवढ्या बारीक जागेत इतकं देखणं अक्षर मी पुन्हा पाहिलं नाही.

रविवारी चादरीत गुंडाळून तक्ता तुम्ही स्वतः उचलून नेलात, मला हात लावू दिला नाहीत. मंडळीतले थोरले गवंडीकाका दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीच आईची कबर बांधली होती.

‘मुन्शीजी, अक्षर लई झ्याक हाय,’ ते म्हणाले. ‘पण दारातनं निस्तं ‘नाही’च दिसतंय. देवाच्या घरात ‘नाही’ कसं लावायचं?’

‘जवळ येऊन वाचा की,’ तुम्ही म्हणालात.

‘नवी माणसं दारातच बसत्यात. त्यांनी काय वाचायचं?’

पुन्हा लिहून आणा, असं ते आर्जवानं म्हणाले, पण तुम्ही तक्ता चादरीत गुंडाळला आणि आपण घरी आलो. वाटेत तुम्ही एकदाही खांदा बदलला नाही. तक्ता स्वयंपाकघरात लागला, कारण ती खोली एवढीशी, की तिथं लांबून बघायची सोयच नव्हती. पुढं तुम्ही काही लिहिलं नाहीत. कामटी चुलीत गेली. तुम्ही रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही फक्त जेवताना त्या डाव्या कोपऱ्याकडं बघत बसायचात. मला तेव्हा फार एकटं वाटायचं, आणि तुम्हाला त्याहून जास्त वाटत असणार.

गेल्या महिन्यात धाराशिवच्या चर्चचे तरुण पाळक आले होते. हो, उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. चहा होईपर्यंत ते तक्त्यापाशी गेले, अगदी नाक लागेल इतके जवळ, आणि ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, परमेश्वरापासून. जाताना म्हणाले, बाई, हा चर्चमध्ये लावू, वेदीच्या बाजूला, काचेत, वर दिवा सोडून. लोकांना जवळ जाऊन वाचता येईल असा. बाबा, तुम्हाला हवं होतं ते अगदी हेच. मी कळवते म्हणाले. नंतर फोन करून सांगितलं की फळीला वाळवी लागलीय, हलवली तर तुटेल.

वाळवी वगैरे काही नाही. फळी ठणठणीत आहे. तुमचा मान दारापर्यंत आला होता आणि मी त्याला परत पाठवलं. सकाळी चहा ठेवताना मी त्या तक्त्याशी बोलते, बाबा, पावसाचं, गुडघ्याचं, काहीबाही. तो गेला तर हे घर मला खायला उठेल.