सात लाल, एक निळं

३ तारीख, सोमवार
नवं मशीन आलं एकदाचं! साधी सोनोग्राफी नुसती गाठ दाखवते. हे, प्रोबचा दांडा अंगावर टेकवला की, गाठ कडक की मऊ तेही सांगतं — मऊ ती निळी, कडक ती लाल, म्हणजे संशयाची. विकणारा म्हणाला, "मॅडम, हे खोटं बोलत नाही." म्हणजे नवऱ्यापेक्षा बरं.

११, मंगळवार
आठवड्यात लाल दिसलं म्हणून पाच बायका सुईच्या तपासणीला धाडल्या. पाचही निर्धोक! मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं, "बाई, प्रोब टेकवता की कणीक मळता? एवढं दाबलं तर लोणीसुद्धा लाल दिसेल!" सगळे खिदळले. मीही हसले. काय करणार?

१२, बुधवार
हात हलका ठेवायचा. जेली भरपूर, प्रोब नुसता टेकवायचा. घरी उशीवर सराव केला. लेक म्हणते, "आई, हवेला इस्त्री करतेस का?"

१९, बुधवार
आठवडाभर एकही लाल नाही. डॉक्टर म्हणाले, "आता जमलं." तरंगतच घरी आले.

२४, सोमवार
मोठ्या जाऊबाई तपासायला आल्या. छातीत डावीकडे वाटाण्याएवढी गाठ. "दुखत नाही गं. तू आहेस म्हणून आले." माझ्यासमोर गप्प पडून राहण्याची वीस वर्षांतली पहिलीच वेळ! जेली गार लागली तशा म्हणाल्या, "सूड उगवतेस होय?"
डॉक्टरांनी निळं चित्र बघून लिहिलं — मऊ आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. जाऊबाईंनी चक्क माझा हात धरला. "किती हलका हात गं तुझा!" माझ्या हातच्या चहालाही नावं ठेवणारी ही बाई! मला मेलं रडूच आलं.

२६, बुधवार
जेवण जात नाही. उगाच लेकीवर खेकसले.

२७, गुरुवार
लिहूनच टाकते. चित्रं आठ घेतली होती. सात लाल. मला वाटलं, माझाच हात पुन्हा जड पडतोय, पुन्हा हसतील. आठव्यांदा प्रोब इतका अलगद धरला की धड टेकलाही नसेल. ते निळं तेवढं ठेवलं, बाकी पुसली.

२८, शुक्रवार
डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. मग जाऊबाईंना फोन केला — "माझी चूक झाली. उद्या पुन्हा या. मी फारच हलक्या हाताने बघितलं." त्या म्हणाल्या, "येते. या वेळी चांगलं दाबून बघ हं."