तिरप्या बांधीचं गणित

महाल, नागपूर
रविवार, ८ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप चंपतरावदादांच्या पायांशी,

प्रेमिलाचा नमस्कार, वि. वि. तुमच्या आशीर्वादाने इकडे मी खुशाल आहे, आणि खुशाल म्हणजे अगदी उड्या मारण्याइतकी खुशाल. दादा, मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी मला नववीचा गणिताचा वर्ग दिला! शाळेत लागून दीड वर्ष झालं नाही आणि नववी! बातमी कळली तेव्हा मधल्या सुटीत मी डबा उघडायचंच विसरले.

वर्गात बेचाळीस पोरी. पहिल्या दिवशी फळ्यावर एक सोपं गणित घातलं, तर एकीनेही तोंड उघडलं नाही. आधीच्या मास्तरांनी चुकलेल्या उत्तराला छडी ठेवली होती, मग कोण कशाला बोलते! मी दोन नियम केले. चुकलेलं उत्तर पुसायचं नाही, कुठे चुकलं ते सापडेपर्यंत ते फळ्यावर राहील. आणि जी पोरगी ‘काहून’, म्हणजे असं का, विचारेल तिच्या हाती खडू. आता एकेक पोरगी अशी भांडते की शेजारच्या वर्गावरच्या बाई तक्रार घेऊन गेल्या, प्रेमिलाबाईंच्या तासाला बाजार भरतो म्हणून. अरुंधतीबाई येऊन दारात अर्धा तास उभ्या राहिल्या आणि जाताना दार लोटून घेतलं. मी ती परवानगी समजले.

हे काही मी बी.एड.च्या पुस्तकातून उचललं नाही. खळ्यावर बाबा धान मोजायचे ते आठवतं ना? पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. मी सात वर्षांची असेन, मधेच विचारलं की एकाला लाभ काहून म्हणता. झालं, मोजणी चुकली, सगळी रास पुन्हा मोजावी लागली, आणि तुम्ही माझ्यावर असे डोळे वटारले! बाबा मात्र हसले. म्हणाले की जिले काहून पडते तिले शाळेत घातलीच पाहिजे. गावातली दुसरी एकही पोरगी चौथीच्या पुढे गेली नाही. मला तुम्ही सायकलवर बसवून कुहीच्या शाळेत सोडत होता, चिखलात सायकल खांद्यावर घेऊन. माझ्या शिकवण्यात जे काही बरं असेल ते तुम्हा दोघांचं आहे.

आता एक जड गोष्ट. सुभद्रावयनीच्या पत्रातून कळलं की तुम्ही पटवाऱ्याला बोलावलं आहे, आणि तुमची धानाची बांधी मोजणीत कमी भरली की चंद्रभानभाऊवर केस टाकणार आहात. दादा, नऊ वर्षं झाली, सख्खे भाऊ दोन बांध्यांमधल्या एका धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहता आणि तोंड फिरवता. कोर्टाची पायरी चढलात तर हे कधीच मिटायचं नाही. माझ्यासाठी तरी थांबा.

वयनीला नमस्कार. धाकट्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची
प्रेमिला


मु. बोरगाव, पो. कुही
शनिवार, १४ डिसेंबर १९७४

चि. प्रेमिला हीस दादाचा पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र पोस्टमनने खळ्यावर आणून देलं. तुह्या वयनीले वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचाले लावलं. नववीचा वर्ग म्हणजे काही खेळ नाही! चावडीवर गोपाळरावले सांगतलं, तं तो म्हणे की आता प्रेमिलासमोर बोलाचं म्हणजे जपूनच बोला लागते. तुह्या तासाले बाजार भरते हे वाचून मले काही नवल वाटलं नाही. तू घरात एकटी असली तरी बाजारच भरत होता वं.

धानात चिन्नोर बरा आला यंदा. आपल्या शेजारचे भैयाजी बुधवारी नागपूरले येऊन राहिले, दोन दिवस त्याहिचं तिथं काम आहे. त्याहिच्या हाती पाच पायल्या नवे तांदूळ अन् पोहे धाडतो. पोरींच्या नादात उपाशी राहू नको.

आता त्या जड गोष्टीचं. तू यात पडू नको. मी दरसाल तीन एकराचे परे टाकतो, अन् अडीच एकरातच रोवणी आटपते. परे उरतात, ते रोपं मी लोकांले वाटतो. धानही तेवढंच कमी भरते. बाबाने वाटणी केली तवा दोन्ही बांध्यांच्या बाजू दोराने मोजल्या होत्या. लांबी चारशे छत्तीस फूट, रुंदी तीनशे फूट, दोन्हीची सारखी. त्याची वरची बांधी सरळ, माही नाल्याकडची तिरपी. तिरपी असली तं काय झालं, बाजू तं तेवढ्याच. अन् गणित कोणं केलं? तू. पंधरा वर्षांची होती, पाटीवर आकडे मांडून दोन मिनिटांत सांगतलं की दोघाले तीन तीन एकर. तुहं गणित जन्मात चुकलं नाही. मंग माहा अर्धा एकर गेला कुठं? धुरा काही पायाने चालत जात नाही, सरकवणाऱ्याने तो सरकवला. त्या चोराच्या धुऱ्यावर मी पाय ठेवत नाही, म्हणून सरकारी माणूस बोलावला. सोमवारी तेवीस तारखेले पटवारी येते. त्याने एकदा लिहून देलं की मी मंगळवारीच वकिलाकडे जातो.

राग मानू नको. थंडी आहे, स्वेटर घालत जा.

तुहा
दादा


महाल, नागपूर
गुरुवार, १९ डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप दादांना प्रेमिलाचा साष्टांग नमस्कार.

दादा, आधी खाली बसा. वयनीलाही बोलवा. टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र भैयाजींच्याच हाती देते, उद्या संध्याकाळी ते तुमच्याकडे पोचतील.

काल वर्गात क्षेत्रफळाचा धडा होता. पुस्तकातल्या चौकोनांना पोरी कंटाळतात, म्हणून मी आपल्या दोन बांध्या फळ्यावर काढल्या. एक सरळ, एक नाल्याकडची तिरपी. बाजूंचे आकडे लिहिले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी तुमच्याएवढी असताना याचं गणित केलं होतं, दोन्ही तीन तीन एकर. मागच्या बाकावर उत्तरा नावाची पोरगी आहे, आजवर कधी हूं की चूं केलं नाही तिने. ती उठली आणि विचारलं, काहून?

मी म्हटलं की बाजू सारख्या म्हणून. तिने कोपऱ्यातल्या खराट्याच्या चार काड्या तोडल्या, दोन लांब, दोन आखूड, वेणीचा दोरा काढून कोपरे बांधले आणि सरळ चौकोन करून मला दाखवला. मग दोन कोपरे धरून हळूच दाबला. दादा, चौकोन तिरपा होत गेला, आणखी तिरपा, आणि शेवटी काड्या एकमेकींना चिकटल्या. आत बोटभरही जागा उरली नाही. बाजू मात्र चारही तेवढ्याच! वर्गात टाळ्या पडल्या आणि मी खुर्चीवर बसून घेतलं.

हे मला येत नव्हतं का? तिरप्या चौकोनाचं क्षेत्रफळ पायाला उंचीने गुणून काढायचं, बाजूने नाही, हे मी कितीदा शिकवलं असेल! पण ती पुस्तकातली आकृती आणि आपल्या बाबांची बांधी ही एकच गोष्ट आहे, हे माझ्या डोक्यात नऊ वर्षं शिरलं नाही. बाबांचा दोर, बाबांचा विश्वास, त्या गणिताला हात लावायचं माझ्या मनातच आलं नाही. मी उत्तराच्या हाती खडू दिला आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की चूक माझी आहे. ते गणित अजून फळ्यावर आहे. तास संपला तरी पोरी घरी जाईनात. मला आनंदही झाला आणि रडूही येत होतं, एकाच वेळी.

म्हणून सांगते दादा, धुरा कोणीच सरकवला नाही. तुमची बांधी पहिल्या दिवसापासूनच तीन एकर नव्हती. सोमवारी पटवारी अडीचच्या आसपास सांगेल, आणि तुम्ही म्हणाल की पाहा, चोरी सापडली. चोरी नाही हो. पाटीवरचं माझं गणित चुकलं. चंद्रभानभाऊला नऊ वर्षं जे ऐकावं लागलं ते माझ्या त्या दोन मिनिटांमुळे.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. दोन्ही बांध्यांत आता पीक नाही. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोर लावा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत लावा. सरळ बांधीत दोन्ही मापं सारखी येतील, पाचशे एकोणतीसच्या जवळ. तुमच्या बांधीत एक खूप मोठं आणि एक खूप लहान येईल. पण हे एकट्याने होत नाही, दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं. ते चंद्रभानभाऊच्या हाती द्या.

मला यायला सुटी नाही, परीक्षा सुरू होतात, हे खरं. तोंडाने सांगायची हिंमत नाही हे त्याहून खरं. रागावलात तर रागवा, पण सोमवारच्या आत दोर लावा. इतकं ऐकाल तर तुमचं प्रेम मला पोचलं असं समजेन.

तुमची चुकलेली
प्रेमिला


मु. बोरगाव, पो. कुही
मंगळवार, २४ डिसेंबर १९७४

चि. प्रेमिला हीस दादाचे लाख आशीर्वाद.

खरं सांगतो, पत्र वाचून पहिले तुह्यावरच राग आला. मले वाटलं तू त्याच्या बाजूने झाली. शनिवारी जेवलो नाही. वयनीने चार काड्या आणून समोर ठेवल्या. मी बांधल्या, दाबल्या, पुन्हा सरळ केल्या, पुन्हा दाबल्या. शंभरदा दाबल्या असतील वं. मंग हातातून खाली ठेवल्या.

रविवारी सकाळी दोर घेऊन त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने, वच्छलाने उघडलं, मले पाहून ती घाबरून आतमधी पळाली. चंद्रभान बाहेर आला. मी दोराचं टोक त्याच्यासमोर धरलं. काहून म्हणून त्याने विचारलंही नाही. टोक घेतलं अन् माह्या पुढं चालाले लागला. त्याचे केस मागून पांढरे झाले, मले माहीतच नव्हतं.

त्याची बांधी दोन्हीकडून पाचशे एकोणतीस. माही एकीकडून सहाशे त्रेपन्न अन् दुसरीकडून तीनशे सहासष्ट! तो नाल्याच्या कोपऱ्यावरून आकडा ओरडला, अन् मी इकडे दोर हातात घेऊन मटकन खाली बसलो. तो पळत आला, त्याले वाटलं मले काही झालं. पोरी, मी त्याच्या पायाले हात लावाले गेलो, त्याने लावू देला नाही. दोघं भाऊ भर बांधीत गळ्यात पडून रडलो, लोक धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. पाहू दे!

पटवारी सोमवारी आला. त्याले पोहे खाऊ घातले अन् हात जोडून वापस धाडलं.

चूक तुही म्हणतेस, तं ऐक. तू पाटीवर आकडे लिहिले, पंधरा वर्षांची पोर होती. ‘चोर’ हा शब्द त्यात नव्हता. तो माहा होता, अन् मी मोठा होतो. तू नऊ वर्षांनी का होईना, वर्गासमोर उभी राहून चूक कबूल केली. मले तेवढं याले पन्नाशी लागली. त्या उत्तरा पोरीले माहा आशीर्वाद सांग, तिच्या घरी तांदूळ धाडतो.

आता नवा तंटा सुरू झाला आहे. चंद्रभान म्हणते की धुरा त्याच्या बांधीत सरकवून पाव एकर मले द्याचा अन् दोघांची सारखी कराची. मी म्हणतो आता मले मातीचा एक ढेकूळ नको. तू सुटीत ये अन् याले समजाव. खाली त्यालेही दोन ओळी लिहाच्या आहेत.

तुहा
दादा

प्रेमिला, मी चंद्रभान. दादाच्या ओसरीवर बसून लिहून राहिलो. त्याहिचं ऐकू नको, पाव एकर त्याहिचाच आहे, तू गणित करून धाड. पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहाची रीत आहे. माहा तं होताच वं, तुह्यावर अन् दादावरही. इतकी वर्षं सांगाले कोणी दार उघडलं नाही.