रविवारचा नवरा

२ मार्च, रविवार

फाटकावर पुन्हा तेच! रखवालदार विचारतो, "कोणाकडे?" — माझ्याच बायकोकडे! सिमेंटच्या भट्टीवर बारा वर्षं शेजारी उभे होतो तो आणि मी. बिचारा खाली बघत म्हणाला, "नियम आहे, भाऊ. दोन तास."

कामगारांच्या सभेत बोललो म्हणून नोकरी गेली. नोकरीबरोबर वसाहतीतलं घरही. ही कारखान्याच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तिला आत एक खोली. मी बाहेर भाड्याने.

हिच्या पदराला औषधांचा वास येतो. तेवढाच बरोबर घेऊन परतलो.

५ मार्च

सभा. घसा बसला, पण बोललो! सरंजामदाराने माणूस जमिनीला बांधला, यांनी घराला. घर त्यांचं, शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा — दावं तेवढं नवं!

मागून फोरमन ओरडला, "धंदा म्हटला की शेवटी एकच मालक उरणार, पुढारी! खेळच तसा आहे." टाळ्या त्यालाच. मी म्हणालो, "खेळाचे नियम आभाळातून पडले का? माणसांनी केले, माणसं मोडतील!" मग टाळ्या मला.

खोलीवर आलो. टाळ्यांचं कोणाला सांगू?

८ मार्च

वाचन होत नाही. जिन्यात चप्पल वाजली की हीच वाटते.

९ मार्च, रविवार

"अहो, क्रांती नंतर. आधी बटण लावू द्या." शर्ट अंगावरच ठेवून शिवलं. दाताने दोरा तोडला — कपाळ माझ्या छातीला टेकलं.

मग निरोप सांगितला. मॅनेजर म्हणतात, फाटकासमोर सगळ्यांदेखत चुकलो म्हणा, सभा बंद करा. नोकरी परत, घर परत.

"तुला काय वाटतं?"

"मला विचारू नका हो," म्हणाली. डोळे भरले होते.

११ मार्च

सत्ता एका हातात जाणं अटळ नाही, हे भरल्या मैदानाला पटवू शकतो मी. या रिकाम्या खोलीला नाही.

१२ मार्च

संध्याकाळी ही दारात! ट्रंक, गादी, घामाघूम. नोकरी सोडून आली! "नोकरी त्यांची, घर त्यांचं, नळाचं पाणीसुद्धा त्यांचं. नवरा तरी माझा राहू दे."

आत भांडी लावते आहे. गुणगुणते आहे.

मी सकाळीच मॅनेजरला हो म्हणून आलो आहे.