पिन सरळ बसेना

१२ जून

तीर्थरूप बाबांस,
ठिणगीचा साष्टांग नमस्कार.

दुकानात तुम्ही सुरीच्या मुठीत ठोकता त्या पिना हल्ली का वाकतात, असं तुम्ही विचारलंत. मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गल्लीभर माझं कौतुक सांगत फिरता, तेवढं आता आवरा!

माझा आपला अंदाज, तांबं फार मऊ पडत असेल. लोखंड नकोच, ओल्या हातांनी गंजतं आणि लाकूड काळं पडतं. म्हणून पितळी पिना पाठवते आहे. आमच्या प्रयोगशाळेत त्या तपासूनही घेतल्या. साहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

माझं इथे छान चाललंय. फक्त संध्याकाळी खोलीचं कुलूप काढण्याआधी मी उगाच खोकते, आत कुणी असल्यासारखं. घरमालकीणबाईंनी औषध आणून दिलं. आता त्यांना काय सांगू?

जेवणाची आबाळ करू नका. लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची
ठिणगी


२३ जून

चि. ठिणगीस,
पोटभर आशीर्वाद.

पिना मिळाल्या. इतक्या लखलखीत आहेत की कुणी कानात घालून मिरवावं. पण त्याही वाकल्या. खानावळवाल्याच्या सुरीची मूठ उभी चिरली. त्याला म्हटलं, नुसती चिकटवून देतो. तो म्हणाला, कांदा चिरताना मूठ निसटली तर बोटं कोण परत देणार? रागावला नाही. दुसरी जमली तर बघा, एवढंच म्हणाला आणि गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुरी व्हाइसच्या जबड्यात आवळतो, पिनेचं डोकं एका बाजूने ठोकतो, मग सैल करून पालटतो, पुन्हा आवळतो. तेवढ्यात पिन कलते. परवा माझ्याच तोंडून निघालं, अगं, जरा पालट. दुकानात कुणी नव्हतं. म्हातारपण, दुसरं काय.

पुढच्या महिन्याअखेर दुकान बंद करावं म्हणतो. वाईट वाटून घेऊ नकोस, आणि नवी नोकरी सोडून धावत तर मुळीच येऊ नकोस. पिना धरायला तुला एवढं शिकवलं नाही.

माया आहेच, ती कुठे जाते!

तुझे
बाबा


२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार. आज थोडी भांडणार आहे.

मी धातू तपासत बसले, तुम्ही माल बदलत बसलात. माल पहिल्यापासून चांगलाच होता. ऐरणीपलीकडे आई बसायची, सुरी दोन्ही हातांत आडवी धरून. तुम्ही हलके टोले द्यायचात आणि योग्य वेळी ती सुरी पालटायची. पिन कलायला लागली की तुमच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. ती स्वयंपाकातून उठून आल्यासारखी यायची, म्हणून ते काम आहे असं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ती गेल्यापासून तुम्ही एकटेच ठोकता आहात. व्हाइस बिचारा काय करणार?

दुकान बंद करून तुम्ही दिवसभर कुठे बसाल? त्या घरात, तिच्या रिकाम्या खोलीसमोर? मी इथे बसते तशी एका खुर्चीवर, भिंतीकडे बघत? मला ते नको आहे. तुमच्यासाठी नको आणि माझ्यासाठीही नको.

नोकरी सोडलेली नाही, घाबरू नका. बाकीचे दिवस उशिरापर्यंत थांबेन आणि शनिवार मोकळा ठेवेन, असं साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, घरी काय काम असतं? सुऱ्या धरायच्या असतात, म्हटलं. त्यांना वाटलं मी धमकी देते आहे.

आईइतकं मला जमणार नाही. तुम्ही न सांगता काही कळणारही नाही. मोठ्याने सांगावं लागेल, चुकले तर ओरडावंही लागेल. तेवढं बोलणं होईल आपलं.

माया असू द्या, राग आला तर तोही असू द्या. शनिवारच्या अर्जावर साहेबांची सही झाली आहे, आणि हे पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकून मी गाडीत बसते आहे. ते माझ्या मागून पोचेल.

तुमची
ठिणगी