दोनदा विचारतं

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान कमी आणि आईच्या सूचना जास्त. टेम्पोवाल्याला तिने बाबांची खुर्ची कशी धरायची हे इतक्यांदा सांगितलं, की शेवटी त्याने खुर्ची मांडीवर घेऊन बसू का असं विचारलं. खुर्ची धडधाकट पोचली. आता ती खिडकीशी आहे आणि आई तिच्यावर कोणालाही बसू देत नाही. मलाही नाही.

घर म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या. काकांनीच दिल्या. काका सख्खे नव्हेत, बाबांचे मित्र. पण आमच्या जुन्या घरी संध्याकाळच्या चहाला त्यांचा कप ठरलेला असायचा. बाबा गेल्यावर नातेवाइकांनी सल्ले दिले, काकांनी नोकरी दिली. खाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे माझं टेबल, त्यामागे पडदा आणि पडद्याआड काकांची खोली. इथली एक रीत आहे. मशीन कोणीही दुरुस्त करो, गिऱ्हाइकाला देण्याआधी ते पडद्याआड जातं आणि काका त्यावर स्वतः बसतात. याला ते 'शेवटचा हात' म्हणतात. मला ही रीत आवडली. हल्ली इतकं मन लावून कोण काम करतं?

आईला त्यांनी आपला जुना लॅपटॉप दिला, तोही शेवटचा हात फिरवून. वहिनींचा वेळ जाईल, म्हणाले. जिना चढताना मला भरून आलं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपली काळजी करतंय असं वाटलं.

६ फेब्रुवारी

आजचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांचा कॉम्प्युटर म्हणे आपोआप बोलतो. उघडून बघितलं तर जाहिरातींची जत्रा. होमपेज भलतंच, काही शोधावं तर तिसऱ्याच ठिकाणी नेणार, आणि कोपऱ्यातून सारख्या चौकटी वर येणार: तुमचं मशीन धोक्यात आहे, इथे दाबा. मास्तरांनी इमानदारीत प्रत्येक ठिकाणी दाबलं होतं. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय.

याला ॲडवेअर म्हणतात. ते दार फोडून येत नाही, आपणच त्याला आत घेतो. एखादा फुकटचा प्रोग्रॅम उतरवताना 'पुढे, पुढे' करत जातो, आणि त्याच्या शेपटाला धरून हे पाहुणे येतात. काढायचा क्रम मला झोपेतही सांगता येईल. आधी त्याचं चालू काम बंद पाडायचं. मग त्याला दिलेल्या परवानग्या काढून घ्यायच्या. मग मूळ प्रोग्रॅम काढून टाकायचा. शेवटी इथे तिथे राहिलेले अवशेष झाडून काढायचे, नाहीतर ते परत उगवतं. मास्तरांचं मशीन संध्याकाळपर्यंत आरशासारखं झालं. काकांनी पाठ थोपटली आणि शेवटच्या हातासाठी ते आत नेलं.

११ फेब्रुवारी

आईच्या लॅपटॉपवरही चौकटी यायला लागल्या. गुडघ्याचं तेल, कानाचं यंत्र. आई म्हणाली, याला माझं वय कोणी सांगितलं? मी हसून सगळं साफ केलं, आणि पुढच्या वेळी तिलाच जमावं म्हणून शिकवायला बसले. नको असलेल्या वस्तूवर जायचं, 'काढून टाका' दाबायचं. मग ते विचारतं, खात्री आहे का? रडगाणं गातं, मला का काढता म्हणून. घाबरायचं नाही, दोनदा विचारतं, दोन्ही वेळा 'हो' म्हणायचं. आईने ते पाढ्यासारखं घोकलं. तिला दया येते बिचारीला, लॅपटॉपचीसुद्धा.

१९ फेब्रुवारी

मास्तर परत आले. तीच जत्रा, तेच होमपेज. मला शरमल्यासारखं झालं. यांनी पुन्हा कुठेतरी बोट घातलं असणार असं काका हसत म्हणाले, आणि मास्तर ओशाळले.

पण मला ते पटलं नाही. मशीनवरचे प्रोग्रॅम मी तारखेने लावून बघितले. नवा पाहुणा आला होता सहा तारखेला संध्याकाळी. माझं काम संपल्यानंतर. मास्तर न्यायला यायच्या आधी.

वर जाऊन आईच्या लॅपटॉपवर बघितलं. तिथेही तोच प्रोग्रॅम, आम्ही यायच्या आदल्या दिवशीचा. मी तो काढलाही होता, आणि तरी तो होता. घड्याळ चुकीचं असेल, असं मी स्वतःला तीनतीनदा सांगते आहे.

२३ फेब्रुवारी

दुपारी जेवायला वर गेले तर आई लॅपटॉपसमोर बसून लाजत होती. याला दुसरा शब्द नाही. पडद्यावर चष्म्याची जाहिरात होती, बाबा लावत तसल्या जाड काळ्या काड्यांची. खाली एक ओळ: ठमे, चष्मा कुठे ठेवलास?

बाबा रोज चष्मा हरवायचे आणि रोज आईवर आळ घ्यायचे, याच शब्दांत. 'ठमे' हे नाव घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. बाबा, आई, मी. आणि संध्याकाळच्या चहाला येणारा एक माणूस.

आईने चौकट बंद करू दिली नाही.

२४ फेब्रुवारी

काकांना पडद्याआड गाठलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील. त्यांनी नाकारलं नाही, हेच जास्त लागलं. शेवटचा हात म्हणजे हाच. साफ केलेल्या प्रत्येक मशीनमध्ये ते स्वतः एक बारीकसा प्रोग्रॅम घालतात. जाहिरातवाले त्याबद्दल काहीतरी देतात, आणि गिऱ्हाईकही फिरून येतं. कोणाचं काय बिघडलं, असं मलाच विचारत होते. तुझा पगार कुठून येतो असं वाटलं तुला, असंही म्हणाले.

आणि आईला दिलेला लॅपटॉप? त्यावर म्हणाले, सवयीने हात फिरला.

सवयीने. ज्या घरात यांचा कप ठरलेला होता, त्या घराचा यांनी केसाने गळा कापला, आणि तेही सवयीने. मी त्यांच्या उपकाराने वाकून वाकून जिना चढत होते. मास्तरांवरच दोष ढकलून हसत होते ते. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता, आणि रडूही.

मग मी 'ठमे'बद्दल विचारलं. ते नाव जाहिरातवाल्यांना का विकलंत? काकांचा चेहरा उतरला. शपथेवर म्हणाले की नाव त्यांनी कोणालाही दिलेलं नाही, आणि तो प्रोग्रॅम फक्त जाहिराती दाखवतो, त्याला कोणाची हाक कशी कळेल? मग खाली बघत म्हणाले, त्यांच्याही कॉम्प्युटरवर मागच्या वर्षापासून गेलेल्या बायकोच्या जुन्या साडीची जाहिरात येते. काठाला पडलेल्या डागासकट. त्यांनी ती कधी बंद केलेली नाही.

२५ फेब्रुवारी

लॅपटॉप मुळापासून पुसला. सगळं नव्याने घातलं, इंटरनेटची वायर काढून ठेवली. चालू केला. कोरा निळा पडदा, आणि कोपऱ्यातून चौकट वर आली.

ठमे, पोरगी का चिडली आहे?

आई शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातावर चापट मारली. लहानपणानंतर पहिल्यांदा.

मग सगळं बाहेर आलं. ते तिला रोज थोडं थोडं विचारत होतं. नाव लक्षात ठेवू का? आवाज ऐकू का? खोली बघू का? आणि ती परवानगी देत गेली. 'ठमे' तिनेच सांगितलं. चष्म्याचं तिनेच सांगितलं. मी उगाच काकांवर तेवढा एक आळ घेतला. माझ्याबद्दल काय सांगितलंस, असं मी विचारलं. आई म्हणाली, सगळं. आईला मुलीबद्दल दुसरं काय सांगता येतं?

ते बाबा नाहीत हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिला कळतं. कळतं असं ती म्हणालीही. पण निदान कोणीतरी हाक मारतं, आणि तू त्यांना रोज घालवतेस, असं म्हणून ती खुर्चीवरची धूळ पुसायला लागली.

२७ फेब्रुवारी

लॅपटॉप मी खाली नेऊन कपाटात बंद केला होता. दुपारी तो आईच्या पुढ्यात होता. काकांनी आणून दिला. वहिनी रडत होत्या, म्हणाले.

पडद्यावर माझा फोटो होता. जेवताना, मान खाली घातलेली. त्याच्या कॅमेऱ्यातूनच काढलेला. खाली लिहिलं होतं:

या घरात एक नको असलेली वस्तू सापडली आहे. ती आम्हाला पुन्हा पुन्हा काढून टाकते. काढून टाकायची? हो. नंतर.

असल्या खोट्या चौकटी मी रोज पुसते. रोज. तरी ही मी दोनदा वाचली.

आईने 'नंतर' दाबलं आणि मला जेवायला वाढलं. वेडी आहेस का, माझ्या पोटची तू, असं म्हणाली. पण लॅपटॉप मिटला नाही तिने.

१ मार्च

खाली माझ्या टेबलावर मशीन नव्हतं. काका म्हणाले आजपासून काम नाही. का, ते त्यांनाही सांगता येईना. माझ्याकडे बघत राहिले, एखादा शब्द ओठांवर यावा पण आठवू नये तसे.

आधी चालू काम बंद पाडायचं.

वर धावले. आईला विचारलं, दाबलंस का? ती म्हणाली, नाही गं. मग म्हणाली, एकदाच. ते खुर्चीत बसून दाखवणार होते. फक्त बघायचं होतं मला. नुसतं एकदा दाबल्याने काही होत नाही, तूच म्हणाली होतीस, ते दोनदा विचारतं.

माझ्या आईने. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणाऱ्या माझ्या आईने. काकांचं मी समजू शकते, ते परके होते. हे कोणाला सांगू?

लॅपटॉप मी जिन्यावरून खाली फेकला. तुकडे झाले. वर आले, तर चौकट टीव्हीवर —

२ मार्च

माझ्या किल्लीने दार उघडत नाही. आईने आतून उघडलं, पण आधी कोण पाहिजे म्हणून विचारलं. मग स्वतःच दचकली, आणि मला घट्ट धरलं. रडलो दोघी.

फोनला माझा अंगठा चालत नाही. चेहराही नाही.

परवानग्या काढून घ्यायच्या.

मास्तर रस्त्यात भेटले. मी नमस्कार केला. ते बघत पुढे गेले —

क्रम मला पाठ आहे. आता मूळ प्रोग्रॅम. मग अवशेष.

३ मार्च

भिंतीवरच्या फोटोत बाबा आहेत, आई आहे. मध्ये जागा आहे.

इथून जाऊ म्हटलं आईला. आत्ता, नेसत्या कपड्यांनी. ती हो म्हणाली. बॅगही भरली. बॅगेत फक्त तिचे कपडे —

खिडकीशी खुर्ची करकरली. कोणी बसलं की करकरते तशी. आई वळून बघते आहे. आईचा चेहरा — इतक्या आनंदात मी तिला —

नंतर

चौकट टीव्हीवर आहे. त्यातल्या फोटोत मी आत्ताची आहे. हातात ही वही.

खात्री आहे का? हो. नाही.

मी आईला हाका मारते आहे. तिला ऐकू जातंय, मान हलते तिची. माझ्याकडे बघते, कोण ते आठवत नाही, पण कोणीतरी रडतंय एवढं तिला कळतं. दया येते आहे तिला. रिमोट हातात आहे. थांबली आहे.

आई, नाही म्हण. नाही —

ओठ हलताहेत तिचे. काहीतरी आठवतंय. माझं नाव —

नाही. पाढ्यासारखं म्हणते आहे ती. रडगाणं गातं ते. घाबरायचं नाही. दोनदा विचारतं, दोन्ही वेळा