पट्टा नको समितीचा सचिव

ती. ताईंना,

मनापासून नमस्कार. वाकूनच केला असता, पण गेले चार दिवस कमरेखालचा भाग माझ्या ताब्यात नाही. हे पत्रसुद्धा दुकानातल्या काउंटरशी उभ्यानं लिहितोय (कारण पुढे येईल). मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालताय ना? तुम्हाला त्रास नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आणि महिनाभर नवा चष्मा करू नका, कुणी कितीही घाई केली तरी; मी चष्मेवाला असून सांगतोय, म्हणजे विश्वास ठेवा. आमच्या साडूरावांचं घोरणं काय म्हणतंय? आणि तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, बरी आहे ना? आठ दिवस झाले तिला तुमच्याकडे येऊन. परत येणार का, कधी येणार, काहीच बोलली नाहीये. राहू दे हवं तितकं. माझं अगदी छान चाललंय. काल चहात साखरेऐवजी मीठ पडलं, पण तोही प्रकार वाईट नसतो.

ती एकोणीस किलोमीटर सायकल हाणत तुमच्या दारात का उभी राहिली, याची तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. आता माझी ऐका. आमच्या रस्त्यावर घरं साठ, गाड्या ऐंशी, आणि गाडी लावायच्या जागा एक्कावन्न (मी स्वतः मोजल्यात). त्यातली एक, ऐन फाटकासमोरची, दुपारभर सावलीतली, चार वर्षांपूर्वी माझ्या हाती लागली. अशी जागा मिळाली की आमच्याकडे शहाणा माणूस ती सोडत नाही, म्हणजेच गाडी हलवत नाही. मी दुकानात बसनं जातो. समोरचे दातांचे डॉक्टर दवाखान्यात टॅक्सीनं जातात. गाड्या आपापल्या जागी सुखात असतात. दर रविवारी मी ती धुतो, आत बसून पेपर वाचतो, वायपर एकदा इकडून तिकडे फिरवतो. ही पूर्वी चहासुद्धा गाडीतच आणून द्यायची. मग एकदा काचेवर टिचकी मारून म्हणाली, "अहो, ही खोली भाड्यानं द्यायची का?" मी हसण्यावारी नेलं. तिथंच चुकलं.

अशात नगरपालिकेची नोटीस आली: रस्त्याच्या डाव्या कडेनं सायकलींसाठी वेगळा पट्टा आखणार, हरकती असल्यास शुक्रवारी पाचच्या आत लेखी द्याव्यात. डावी कडा म्हणजे आमची कडा! रस्ताभर हलकल्लोळ झाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात सभा भरली, 'पट्टा नको समिती' स्थापन झाली, डॉक्टर अध्यक्ष आणि मी सचिव (माझं अक्षर चांगलं आहे हे तुम्ही आत्ता बघताच आहात). भाषणं जोरदार झाली. एकानं सांगितलं, आज सायकली येतील, उद्या माणसं पायी चालायला लागतील. सगळे हादरले. तेवढ्यात मागच्या बाकावरून ही उठली आणि विचारलं, इथल्या किती जणांनी यंदा गाडी हलवली आहे? डॉक्टर एकदम चूळ भरायच्या भांड्याचा ठिबकणारा नळ दुरुस्त करायला लागले. मी इतिवृत्तात 'एका सदस्येनं तांत्रिक शंका उपस्थित केली' असं लिहिलं.

पुढचं मला लिहायला जड जातंय. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी गाडीत पेपर वाचत होतो. ही बॅग घेऊन आली, शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, चला ताईकडे. मी तिला शांतपणे समजावलं. म्हटलं, आपण संध्याकाळी परत येऊ तेव्हा जागा गेलेली असेल, शिवाय समिती जागांसाठी लढत असताना खुद्द सचिवानंच जागा रिकामी करणं बरं दिसत नाही, बसनं जाऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं. उतरली. दार हळूच लावलं (आपटलं असतं तर बरं वाटलं असतं). मग सायकलच्या चाकांत हवा भरली आणि गेली. मी आरशात बघत होतो. ताई, आरशात ती लांब जाताना दिसत होती आणि मी किल्लीसुद्धा फिरवली नाही.

असो. समितीकडे वळतो. शुक्रवारी नगरपालिकेवर गाड्यांचा मोर्चा न्यायचा ठरलं. पण मोर्चा न्यायचा तर गाड्या हलवाव्या लागणार, आणि हलवल्या तर जागा जाणार. त्यावर डॉक्टरांनी तोडगा काढला: मोर्चा जागेवरच काढायचा. त्याप्रमाणे दुपारी तीन वाजता एक्कावन्न माणसं एक्कावन्न गाड्यांत, खिडकीला काळी फीत बांधून, पट्टे लावून बसली. दर पंधरा मिनिटांनी हॉर्न. तेवढ्यात कुठलीशी परकी पांढरी गाडी जागा शोधत शोधत रस्त्यात शिरली. इतकी माणसं गाडीत बसलेली पाहून, कुणीतरी आता निघणारच, अशी तिची खात्री झाली असावी. ती आमच्याभोवती घिरट्या घालायला लागली. झालं, सगळ्यांची पाचावर धारण बसली. कुणी पाणी प्यायलासुद्धा उतरेना.

साडेचारला डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हरकतीचा अर्ज, दोनशे बारा सह्यांसकट, त्यांच्या मांडीवरच आहे. कचेरी चार किलोमीटर लांब. टॅक्सीवाले तो हॉर्नचा गोंगाट ऐकून कोपऱ्यावरूनच परत फिरत होते. न्यायचा कुणी, तर सचिवानं. आणि जागा न सोडता हलवता येईल असं अख्ख्या रस्त्यात एकच वाहन होतं: डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टबाईंची सायकल, पुढे टोपली असलेली. (डॉक्टर माझ्या गाडीत येऊन बसले आणि त्यांच्या गाडीत त्यांच्या सासूबाई.) तेहतीस वर्षांनी सायकलवर बसलो. पहिलं वळण डोळे मिटून घेतलं. दुसऱ्या वळणावर उतार लागला आणि, ताई, कुणाला सांगू नका, मी शीळ घातली. चौदा मिनिटांत पोचलो.

पाचला पंधरा मिनिटं होती. आवक खिडकीतल्या कारकुनानं मला घामानं निथळताना बघून विचारलं, कशावर आलात? मी खरं ते सांगितलं. तो उठून आत गेला आणि रस्त्याच्या इंजिनियरबाईंना घेऊन आला. आमच्या भागातून सायकलवर आलेला पहिलाच नागरिक म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली (बसवत नव्हतं, पण बसलो), पाणी दिलं आणि आस्थेनं विचारलं, येताना काही त्रास झाला का? आता असं कुणी विचारलं की माझी जीभ आवरत नाही. शाळेजवळचा खड्डा सांगितला. वळणावर गाड्या कशा अंगावर येतात ते टेबलावरचं पेपरवेट फिरवून दाखवलं. पट्ट्याला कठडा हवा म्हणालो, एवढीशी रुंदी कशी पुरेल म्हणालो. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मी खाली सही केली, मग समितीचा अर्ज पुढे केला. त्यावर शिक्का बसला पाच वाजून सात मिनिटांचा. उशिरा आला म्हणून फेटाळला. आणि वेळेत आलेला आमच्या रस्त्याचा एकमेव कागद म्हणजे माझ्या सहीचा: 'पट्टा रुंद करावा, कठडा घालावा.' मंजूर झालाय. समितीला अजून इतकंच ठाऊक आहे, की सचिवानं जिवाचं रान केलं.

साडूरावांना नमस्कार. डोळ्याला पाणी लावू नका.

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता.क. 'राहू दे हवं तितकं' असं वर लिहिलंय ते खोटं आहे. घर खायला उठतंय.

आणखी एक: आज सकाळी गाडी काढली. बॅटरी मेली होती. डॉक्टर आणि समितीतले तिघे, मी नुसता गॅरेजला जाऊन परत येणार या समजुतीनं, धक्का मारत होते. कोपऱ्यावर आरशात पाहिलं तर ती पांढरी गाडी आमच्या जागेत शिरत होती. वाईट वाटलं. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि त्याहून वाईट वाटलं. गाडी आता गॅरेजमध्ये आहे; नवी बॅटरी बसली की येत्या रविवारी दहापर्यंत तुमच्याकडे येतोय. तिला सांगा, किंवा नका सांगू, पण कुठं जाऊ देऊ नका. आणि तुमच्या दारासमोर एक जुनी खुर्ची टाकून तेवढी जागा धरून ठेवाल का?

अगदी शेवटचं: तिची सायकल डिकीत मावते का, ते साडूरावांकडून मोजून घ्या. नाहीच मावली तर तिनं पुढे सायकल चालवावी, मी मागून तिच्या वेगानं गाडी आणतो, एकोणीसच्या एकोणीस किलोमीटर. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.